नजर बांधणारा शब्द : प्रकल्प नोंदी

१२ जून

काम पक्कं झालं. दिवाळी अंकासाठी स्कॉटलंडची दोन-तीन जुनी कथागीतं मराठीत आणायची आणि सोबत एका स्कॉट्स शब्दाच्या कुळकथेवर टिपण लिहायचं. आठ पानं. मुदत ३१ ऑगस्ट. मानधनाचा विषय निघाला नाही. तो कधीच निघत नाही.

शब्द मीच सुचवला : ग्लॅमर. संपादक फोनवर मनापासून हसले. "अहो ताई, हा तर आमच्या सिनेमाच्या पुरवणीतला शब्द. दर शुक्रवारी छापतो. यात स्कॉटलंड कुठून आलं?" म्हटलं, सर, शब्दच तिथून आलाय. "बरं, लिहा. पण वाचक झोपता कामा नये."

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको. स्कॉट्स म्हणजे स्कॉटिश हेल काढून बोललेलं इंग्रजी नाही. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून वाढलेली ती इंग्रजीची बहीण आहे. तिथली गेलिक ही भाषा तिसरीच, वेगळ्या घरची. 'भाषा की बोली' हा वाद तिकडेही अजून जिवंत आहे. कोकणीमुळे आपल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

१४ जून

मूळ ग्रीक 'ग्रामा', म्हणजे अक्षर. त्यावरून लॅटिन 'ग्रामातिका', जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्रामेर', इंग्रजीत ग्रामर. होय, आपण शाळेत ज्याचे मार्क गमावले तेच ग्रामर. ग्लॅमर हे त्याचंच बिघडलेलं रूप.

बिघडलं कसं, हे समजायला मध्ययुगातल्या एखाद्या खेड्यात जायला हवं. तिथे ग्रामर म्हणजे कर्ता-कर्म-क्रियापद एवढंच नव्हतं. ग्रामर म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे सगळी विद्या. गावात वाचता येणारा माणूस एखादाच, बहुधा पाद्री. तो पुस्तकात बघून ओठ हलवतो, कुणाला कळणार नाही असं पुटपुटतो, आणि तेवढ्यावर लग्नं लागतात, पोरांना नावं मिळतात, मेलेल्याला वाट मिळते. मग ज्याला एवढं येतं त्याला आणखी काय काय येत असेल! या संशयातून इंग्रजीत 'ग्रामरी' हा शब्द गुप्त विद्येसाठी रूढ झाला. फ्रेंचमध्ये 'ग्रिम्वार' झाला, म्हणजे जादूटोण्याची पोथी. तोही त्याच ग्रामरचा भाऊ. आणि स्कॉटलंडात ग्लॅमर.

आपल्याकडे भूत उतरवणाऱ्याला पंचाक्षरी म्हणत. अक्षर तिथेही लपून बसलंच आहे.

'र'चा 'ल' कसा झाला, याची मला काळजी नव्हती, कारण मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. एका शब्दात दोन 'र' जवळ आले की जीभ अडखळते आणि एकाला हाकलते. संस्कृत दरिद्र, मराठी दळिद्र. संस्कृत हरिद्रा, प्राकृतात हलिद्दा, आपल्या डब्यात हळद. ग्रामरमध्येही दोन 'र' होते, पहिला गेला. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. टिपणात हळदीचं उदाहरण घ्यायचं, विषमीकरण नाही. वाचक झोपता कामा नये.

१७ जून

तीन दिवस एका भुताच्या मागे गेले. पण भूत फार चांगलं होतं.

आइसलँडच्या ग्रेटिरच्या गाथेत ग्लाम नावाचा एक मेंढपाळ आहे. तो मरतो आणि प्रेत होऊन हिंडू लागतो. ग्रेटिर त्याच्याशी रात्री झुंजतो. दार मोडून दोघे बाहेर पडतात, ढग बाजूला होतात, चंद्राचा उजेड ग्लामच्या डोळ्यांत पडतो, आणि त्या डोळ्यांची ग्रेटिरला अशी धडकी भरते की त्याचे हातपाय गळतात. शेवटी तो ग्लामला मारतो. पण मरता मरता ग्लाम शाप देतो की हे डोळे तुला कायम दिसत राहतील. पुढे हा बहाद्दर आयुष्यभर अंधाराला भितो. गाथाकार सांगतो, तेव्हापासून म्हणच पडली : ज्याला भलतंच दिसतं त्याला ग्लामने डोळे उसने दिलेत.

उसने डोळे! यानंतर व्याकरणाकडे कोण वळणार? ग्लॅमरचं मूळ इथेच आहे, असं एकोणिसाव्या शतकात काही जाणत्यांना वाटलंही होतं. अर्थ तर हुबेहूब जुळतो. पण शब्दाच्या घडणीचा हिशेब लागत नाही. ग्लाममधून शेवटचा 'र' कसा उगवला, हे ओढूनताणून सांगावं लागतं. उलट ग्रामर-ग्रामरी आणि ग्लॅमर-ग्लॅमरी अशा दोन्ही जोड्या शेजारी शेजारी सापडतात. स्कॉट्समध्ये 'ग्लॅमरी' हे रूपही आहे. आजचे कोशकार ग्रामरच्याच बाजूने आहेत. मीही. जरा नाइलाजाने.

ग्लामला टिपणात चार ओळी द्यायच्या. त्याला पूर्ण गाळणं जमणार नाही.

२१ जून

छापील पुरावे. पहिला ठळक माणूस अ‍ॅलन रॅमझी, एडिंबरा. धंदा केसांचे टोप बनवण्याचा. पुढे कवी, पुस्तकविक्रेता, आणि वर्गणी भरून पुस्तकं घरी नेऊ देणारं वाचनालय चालवणारा. त्याच्या १७२१च्या कवितासंग्रहाला शब्दार्थांची यादी जोडली आहे. तिथे तो सांगतो : सैतान, मांत्रिक किंवा हातचलाखीवाले जेव्हा नजरेला फसवतात, तेव्हा त्यांनी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं असं म्हणतात.

ग्लॅमरचा अर्थ पहिल्यांदा नीट छापून ठेवणारा माणूस टोप विकत होता, ही मजा मी सोडणार नाही.

दुसरं, त्या अर्थात सौंदर्य कुठेच नाही. डोळे आहेत, फसवणूक आहे. ग्लॅमर बघितल्या जाणाऱ्या माणसात नसतं. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेलं असतं.

२५ जून

'जिप्सी लॅडी' हे कथागीत (लॅडी म्हणजे पोरगा, 'लेडी' नव्हे). रॅमझीनेच १७४०च्या सुमाराला आपल्या गीतसंग्रहात छापलं. गोष्ट अशी : सरदाराच्या दारी जिप्सी येतात, गोड गातात. सरदाराची बायको जिन्यावरून खाली येते, पुढे दासी. तिचा चेहरा बघताच जिप्सी तिच्यावर 'ग्लॅमर' टाकतात. मूळ क्रियापद 'कूस्ट', म्हणजे फेकलं, टाकलं. ती रेशमी वस्त्र उतरवून घोंगडं पांघरते आणि त्यांच्यामागे निघते. नवरा संध्याकाळी घरी येतो, घोडा मागवतो, पाठलाग करतो.

शेवटच्या कडव्यापाशी आज बराच वेळ थांबले. इतका वेळ गोष्ट तिऱ्हाईत सांगत होता. शेवटी अचानक 'आम्ही' येतं. आम्ही पंधरा जण होतो, अंगापिंडाने धड, देखणे नसलो तरी. आणि एका बाईपायी सगळेच्या सगळे मारले गेलो. म्हणजे गाणं फासावर गेलेल्यांच्या तोंडी आहे.

'देखणे नसलो तरी'. ग्लॅमर शब्द ज्या गाण्याने गावोगाव नेला, त्या गाण्यात ग्लॅमर करणारे स्वतःच सांगतात की आम्ही दिसायला काही खास नव्हतो. पुरवणीच्या संपादकांना हे कडवं फ्रेम करून द्यायला हवं.

दंतकथेने ही बाई एअरशरमधल्या कॅसिलिसच्या सरदाराची बायको ठरवली. इतिहासाने ते धुडकावलंय. जिचं नाव घेतात ती १६४२मध्ये वारली आणि तिच्या मृत्यूनंतर नवऱ्याने लिहिलेल्या पत्रांत दुःख आहे, पळून गेलेल्या बायकोचा राग नाही.

२९ जून

जिप्सींच्या म्होरक्याचं नाव गाण्यात जॉनी फा. हे नाव हवेतलं नाही. १५४०मध्ये स्कॉटलंडच्या पाचव्या जेम्स राजाने एका जॉनी फाला 'लिटल इजिप्तचा सरदार' म्हणून मान्यता दिली होती, आपल्या लोकांचा न्यायनिवाडा करायच्या अधिकारासह. मग वारं फिरलं. १६०९च्या कायद्याने 'इजिप्शियन' असणं हाच मरणाच्या शिक्षेचा गुन्हा झाला. १६२४मध्ये याच नावाच्या एका म्होरक्याला साथीदारांसकट एडिंबरात फाशी दिलं. चोरी केली म्हणून नाही, इजिप्शियन आहात म्हणून.

इजिप्तचे ते नव्हतेच. जिप्सी हा शब्द 'इजिप्शियन'चाच तुकडा, पण त्यांची रोमानी भाषा भारतातून गेलेली. कानाला 'कान', नाकाला 'नाख', पाण्याला 'पानी', माणसाला 'मानुष', दोनला 'दुई', पाचला 'पांज'. स्कॉटलंडच्या थंड दगडी वाड्याखाली उभं राहून ज्यांनी 'मंत्र' टाकला असं म्हणतात, त्यांचे आकडे आपल्या आजीला कळले असते.

इथे अनुवादाचा पेच. 'जिप्सी'ला 'भटके' म्हणावं का? मराठीत हा शब्द रिकामा नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मानेच गुन्हेगार ठरलेले पारधी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, आणि १९५२च्या ३१ ऑगस्टला त्यातून झालेली सुटका, हे सगळं 'भटके-विमुक्त' म्हणताना मागून चालत येतं. माझी मुदतही ३१ ऑगस्टची, योगायोग. तरीही 'भटके'च ठेवते. 'त्यांनी बाईच्या डोळ्यांवर काहीतरी टाकलं' हा या गाण्यातला आरोप आहे, शोभेचा अलंकार नाही, हे 'भटके' म्हटलं की मराठी वाचकाला आपसूक कळेल.

४ जुलै

शब्द हवा. दिवसभर जमवले.

जादू : फार पसरट. चेटूक : बायकांच्या माथी मारलेला शब्द, आणि त्यात इजा करण्याचा हेतू. करणी : लिंबू-बाहुलीचा वास येतो. चकवा : रानात वाट चुकवतो, डोळे नाही. भूल : आता दवाखान्यात गेली. मोहिनी : विष्णूने घेतलेलं रूप, म्हणजे सौंदर्य आधीच आलं, आणि इथे तर 'देखणे नसलो तरी'. भुरळ : जवळचा, शिवाय मराठीत भुरळ 'घालतात', म्हणजे 'कूस्ट'ही साधतं. पण भुरळ अलीकडे फार मवाळ झाली; नव्या मॉडेलची मोटारही ती घालते.

गारूड. याच्यावर अडकले. मूळ गरुडाशी नातं असलेला सर्पविषाचा मंत्र, तो म्हणणारा गारुडी. गारुडी पुढे रस्त्यावर खेळ करू लागला, टोपलीतून साप, तोंडातून लोखंडी गोळे. आणि आज आपण म्हणतो, 'तिच्या आवाजाचं गारूड अजून उतरलेलं नाही.' विषाचा मंत्र, मग हातचलाखी, मग मोहवणारा गुण. ग्लॅमरने जो रस्ता तिकडे तुडवला तोच गारुडाने इकडे तुडवलाय, फक्त सिनेमाच्या पुरवणीपर्यंत न जाता समीक्षेच्या पुस्तकात मुक्काम केला.

संध्याकाळी आईला फोन. तिला विचारलं, लहानपणी गल्लीत गारुडी यायचा तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? ती म्हणाली, "अगं, तो नजरबंदी करायचा. आमची आजी सांगायची, पदराला मीठ बांधून बघ, मग खरं दिसतं." हे मिठाचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नजरबंदी! अरबी नजर, फारसी बंद, आणि रॅमझीची व्याख्या एका शब्दात. समोर असताना मी चेटकापर्यंत जाऊन आले.

५ जुलै

तिकडेही तोड आहे. ग्लॅमर उतरवायला मिठाऐवजी चार पानांचं क्लोव्हर, म्हणजे एरवी तीन पानं असणारं एक रानरोप. हीच समजूत जर्मनीतही दिसते. ग्रिम बंधूंच्या संग्रहातली १४९ क्रमांकाची गोष्ट तीच. जादूगार कोंबड्याकडून जड तुळई उचलवून दाखवतो, लोक थक्क. गर्दीतल्या एका मुलीच्या हाती चार पानांचं क्लोव्हर, तिला तुळई दिसतच नाही, दिसते गवताची काडी. ती ओरडते, लोक शुद्धीवर येतात, जादूगाराला हाकलतात. मग तो सूड घेतो : तिच्या लग्नाच्या दिवशी वाटेत नदी 'दाखवतो'. बिचारी वस्त्रं वर धरून कोरड्या शेतातून चालत जाते, वऱ्हाड हसतं. काडी दिसणं नेहमी परवडतंच असं नाही.

९ जुलै

पहिला खर्डा, ओवीच्या चालीवर :

जिना उतरे सुंदरी, दासी पुढे, मागे राणी
मुख पाहिलं भटक्यांनी, डोळां घातली मोहिनी

कानाला गोड, आणि म्हणूनच चूक. मोहिनीबद्दल पाच दिवसांपूर्वी मीच काय लिहिलं होतं? यमकाने माझीच नजर बांधली. दुसरा :

जिना उतरे सुंदरी, दासी पुढे, मागे राणी
मुख पाहिलं भटक्यांनी, नजर बांधिली तत्क्षणी

'तत्क्षणी' या गाण्यात जरा जास्त शिकलेला वाटतो. पण 'नजर बांधिली' हलत नाही. ठेवलं.

१६ जुलै

रॉबर्ट बर्न्स, स्कॉटलंडचा कवी. १७८९च्या उन्हाळ्यात त्याची फ्रान्सिस ग्रोस या लठ्ठ, आनंदी गृहस्थाशी गाठ पडली. ग्रोस निवृत्त कप्तान, जुन्या इमारतींची चित्रं काढत फिरणारा. आणि कोशकारही : लंडनच्या गल्लीबोळातल्या शिवराळ भाषेचा कोश त्याने १७८५मध्ये काढला होता. बर्न्सने त्याला अ‍ॅलोवेचं पडकं चर्च पुस्तकात घ्यायची गळ घातली. ग्रोस म्हणाला, घेतो, पण सोबत चेटकिणींची एक गोष्ट लिहून दे. अशी 'टॅम ओ शँटर' ही कविता ग्रोसच्या पुस्तकाच्या खंडात, १७९१मध्ये आली.

माझ्या कामाची त्याआधीची कविता, खुद्द ग्रोसवरची. शीर्षकात 'लेट कॅप्टन ग्रोस' असा शब्दक्रम दिसतो म्हणून घाईत तो कैलासवासी समजू नये. 'लेट' आहे तो त्याचा दौरा, म्हणजे अलीकडचा. (मी घाईत समजले होते.) बर्न्स गमतीने सांगतो की हा माणूस भुताखेतांच्या पडक्या जागांत मुक्काम करतो, तेव्हा भुतांनीच सांभाळून राहावं. आणि मग जिप्सींना, चेटक्यांना हाक मारतो :

यी जिप्सी-गँग दॅट डील इन ग्लॅमर,
अँड यू, डीप-रेड इन हेल्स ब्लॅक ग्रामर

मी हे आधी वाचलं होतं, पण आज ऐकलं. ग्लॅमर आणि ग्रामर, ताटातूट झालेले दोन भाऊ, एकमेकांसमोर यमकात बसवलेले. एकाकडे रस्त्यावरचा धंदा, दुसऱ्याकडे पुस्तक. एक फिरस्त्यांचा, एक शिकलेल्यांचा. दोघेही नरकाचेच गिऱ्हाईक.

याचा अनुवाद कसा करायचा? 'नजरबंदी' आणि 'व्याकरण' यांची गाठ कोण मारणार?

१७ ते २२ जुलै

नाही जमलं. पाच खर्डे फाडले. वीज गेली दोन दिवस, ते एक निमित्त मिळालं.

२४ जुलै

बर्न्स बाजूला ठेवला, वॉल्टर स्कॉटकडे. शब्द इंग्रजीत रुजवला तो यानेच, १८०५च्या 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' या कथाकाव्यातून. त्यातला बुटका खट्याळ पोऱ्या एका मांत्रिकाची लोखंडी कडीची पोथी मिळवतो. ती उघडत नाही. जखमी सरदाराचं साकळलेलं रक्त चोपडल्यावर उघडते, आणि जेमतेम एक मंत्र वाचतो तोच अदृश्य थप्पड बसून पोथी मिटते. त्या एका मंत्रात ग्लॅमरचं बळ : अंधारकोठडीतली कोळिष्टकं दरबारी पडदे वाटावेत, फळाचं टरफल सोनेरी नाव, धनगराची झोपडी राजवाडा, तरुण म्हातारा आणि म्हातारा तरुण. स्कॉटने टीपही जोडली आहे, अर्थ रॅमझीचाच, आणि जॉनी फाच्या गाण्याचा दाखलाही.

पण मला रस त्या पोथीच्या मालकात. मायकल स्कॉट. हा खरा माणूस, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. स्पेनमधल्या टोलेडोला जाऊन अरबी शिकला, १२१७मध्ये अल-बित्रूजीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला, अ‍ॅरिस्टॉटलचं प्राणिशास्त्र आणि इब्न रुश्दची भाष्यं अरबीतून आणली. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी ज्योतिषी. म्हणजे धंद्याने अनुवादक! आणि लोकांनी त्याचं काय केलं? शंभर वर्षांत इटालियन कवी दांतेने आपल्या काव्यात त्याला नरकात टाकलं, विसाव्या सर्गात, भविष्य सांगणाऱ्यांच्या रांगेत, जिथे सगळ्यांच्या माना उलट्या पिळलेल्या असतात आणि त्यांना फक्त मागचं दिसतं. स्कॉटलंडात तर दंतकथाच झाली. त्याच्याकडे एक सैतान होता, त्याला सतत काम लागे. एका रात्रीत ट्वीड नदीला बांध घाल, घातला. एल्डनच्या डोंगराचे तीन तुकडे कर, केले. शेवटी समुद्राच्या वाळूचे दोर वळायला बसवला, तो अजून वळतोय. (आपल्या गोष्टीतल्या भुताला खांबावर चढ-उतर करायला लावतात, तसंच.)

ग्रामरचं ग्लॅमर कसं झालं याचा याहून स्वच्छ दाखला नको. शब्दाबरोबर एक अख्खा माणूस त्याच वाटेने गेला. त्याला इतरांना न येणारी लिपी वाचता येत होती, एवढाच त्याचा गुन्हा. टिपणाचा कणा हाच. ग्लाम, टोप, क्लोव्हर हे याच्याभोवती.

अनुवादकांच्या माना उलट्या असतात हे बाकी खरं आहे. आम्हाला मागचंच दिसतं.

३ ऑगस्ट

नजरबंदीची खात्री करायला मोल्सवर्थचा कोश काढला आणि पानं उलटताना प्रस्तावनेशी थांबले. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घडणीवर निबंध आहे तो जॉन विल्सनचा. मुंबईचे विल्सन कॉलेजवाले विल्सन. जन्म १८०४, गाव लॉडर. नकाशा काढला. लॉडर स्कॉटलंडच्या सीमाभागात, मेलरोझपासून फार दूर नाही, आणि मेलरोझच्या मठातच मायकल स्कॉटची पोथी पुरलेली, असं वॉल्टर स्कॉटचं काव्य सांगतं.

मग दुसरा, जॉन लेडन. जन्म १७७५, डेनहॉम, तोही सीमाभाग. वॉल्टर स्कॉटला कथागीतं गोळा करायला मदत करणारा; एका गाण्याचा हरवलेला भाग एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे असं कळल्यावर चाळीस-पन्नास मैल चालत गेला आणि गाणं घेऊन परत आला. १८०३मध्ये मद्रासला आला, भाषांमागून भाषा शिकत सुटला, बाबरनाम्याचा अनुवाद हाती घेतला आणि १८११मध्ये जावा बेटावर तापाने गेला. अर्धा अनुवाद पुरा केला मुंबईच्या लिटररी सोसायटीचे चिटणीस विल्यम अर्स्किन यांनी. पुस्तक १८२६मध्ये निघालं.

हे टिपणात घालायचा मोह होतोय. घालायचं नाही. ग्लॅमर शब्द या मंडळींनी मुंबईत आणला असं काही नाही, आणि शेजारी शेजारी मांडलं की वाचकाला तसं 'दिसेल'. नोंदीतच राहू दे.

१० ऑगस्ट

पुढचा प्रवास भराभर. १८४०च्या आसपास शब्दातली फसवणूक विरघळू लागते, मोहकपणा उरतो. १८५९मध्येही इंग्रज कवी टेनिसनकडे जुना अर्थ आहे : फुलांमधून ग्लॅमरने घडवलेली मुलगी. विसाव्या शतकात, १९३०च्या दशकात, हॉलिवूड. अमेरिकेने 'कलर', 'ऑनर' यांतला 'यू' काढून टाकला, पण ग्लॅमरचा बहुधा ठेवला, जणू तो काढला तर मंत्र उतरेल. विशेषण 'ग्लॅमरस' करताना मात्र इंग्लंडमध्येही 'यू' गळतो.

मराठीत आपण हॉलिवूडचंच घेतलं. 'या क्षेत्रात ग्लॅमर आहे पण स्थैर्य नाही' हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत असतं. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं, पण तो रॅमझीच्या अगदी जवळ गेलेला असतो : दिसतं एक, असतं एक.

१९ ऑगस्ट

जमलं! कुठे जमलं तर भाजीच्या रांगेत. पुढे एक लहान पोर आईच्या पिशवीवर हात फिरवत होतं, "छू मंतर, छू मंतर."

मंत्र आणि मंतर. एकच शब्द. एक पूजेत राहिला, शुद्ध उच्चार, पाठांतर, गुरुजी. दुसरा रस्त्यावर आला, गारुड्याच्या तोंडी, जंतर-मंतर, छू मंतर. एकाला दक्षिणा, दुसऱ्याला चिल्लर. ग्रामर आणि ग्लॅमर आपल्या घरातच होते.

मंतर मारून पोट भरणाऱ्या भटक्यांच्या टोळ्यांनो,
नरकाचे काळे मंत्र मुखोद्गत असणाऱ्या पढीकांनो

ओळी लांब झाल्या, बर्न्सची टाच टकटक वाजते, माझी बैलगाडी चालली आहे. पण दोन भाऊ समोरासमोर बसले. कोथिंबीर घ्यायची राहिली.

३० ऑगस्ट

पाठवलं. एक दिवस आधी. नऊ पानं.

११ सप्टेंबर

मुद्रितं आली. ग्लामच्या चार ओळी कापल्या आहेत; हरकत नाही, अंदाज होता. टोपाचा विनोद शाबूत. 'नजर बांधिली'च्या जागी कुणी 'नजर बांधली' केलं, मात्रा गेली, परत घातली.

आणि बर्न्सच्या ओळीत मुद्रितशोधकांनी लाल शाईने 'मंतर' खोडून 'मंत्र' केलंय. शेजारी सुबक अक्षरात : 'अशुद्ध'. मी समासात लिहिलं, 'मंतर असंच हवं'. खाली दोन रेघा मारल्या, मग तिसरी.

संध्याकाळी संपादकांचा फोन. "ताई, रागावू नका. त्यांना वाटलं, एकच शब्द चुकून दोनदा पडलाय."

"एकच आहे, सर. म्हणूनच दोनदा घातलाय."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "बरं, राहू द्या. पण तेवढं नववं पान आठात बसवा."